मुलांना झाडं कशी वाढतात हे पाठांतराशिवाय कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा पाचवीत आहे, बेळगावात फ्लॅटमध्ये राहता, घरचं शेत नाही. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या तो घडाघडा म्हणतो, पण "झाड वाढतं म्हणजे नेमकं काय होतं?" असं विचारलं की गप्प होतो. मी खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवते. अशी गप्प होणारी मुलं मला रोज भेटतात आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. प्रश्न मनात यायच्या आधीच आपण त्यांच्या हातात उत्तर देतो.

म्हणून व्याख्या सध्या बाजूला ठेवा आणि त्याला एवढंच विचारा, की उसाचं वजन येतं कुठून?

हंगामात चिकोडी-निपाणीच्या रस्त्याला उसाने भरलेल्या ट्रॉल्या त्याने पाहिल्या असतीलच. चांगलं रान एकरी ४० टन ऊस देतं. एवढं वजन कुठून आलं, तर जवळजवळ प्रत्येक मूल म्हणतं, "मातीतून." मग पुढचं विचारा. वर्षानुवर्षं इतका माल रानातून बाहेर जातो, तर रान खचत का नाही? बांध आहे तिथंच आहे, रान पहिल्याइतकंच उंच आहे. इथे मूल थबकतं. लगेच उत्तर सांगू नका, दोन-चार दिवस तसंच राहू द्या. त्यावर तो काय अंदाज बांधतो ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या. अंदाज चुकीचा असला तरी खोडायचा नाही, त्याखाली तारीख घालायची.

मग त्याला व्हान हेल्माँटची गोष्ट सांगा. बेल्जियमच्या या माणसाने ९० किलोच्या आसपास कोरडी माती एका मोठ्या कुंडीत भरली आणि त्यात सव्वादोन किलोंचं विलोचं रोप लावलं. मातीत धूळ पडू नये म्हणून वर भोकं पाडलेला पत्रा झाकला. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं जवळपास ७७ किलो, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तर कमी झाली होती फक्त ५७ ग्रॅमच्या आसपास! हे सगळं त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापलं गेलं. आता मुलाला विचारा, की हेल्माँटने काय निष्कर्ष काढला असेल? त्याने म्हटलं, झाड सगळं पाण्याचंच बनतं. माती नाही, हे त्याचं बरोबर होतं. पाण्याचा वाटा मोठा आहे हेही खरं. पण हवा त्याच्या हिशेबातच नव्हती. एवढा काटेकोर माणूस अर्ध्या वाटेवर अडला, हे ऐकताना मुलांचे चेहरे खुलतात. मला ही गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही आकृतीपेक्षा मोलाची वाटते. पुढचा धागा इंग्लंडमध्ये प्रीस्टली नावाच्या शास्त्रज्ञाने १७७१ साली पकडला. मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत त्याने पुदिन्याची डहाळी ठेवली आणि काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. १७७९ साली इंगेनहाउझ या शास्त्रज्ञाने दाखवलं, की हवा अशी सुधारायला झाडाचा हिरवा भाग लागतो आणि त्यावर उजेड पडावा लागतो.

आता उसाकडे परत येता येईल. ४० टनांतलं बहुतेक वजन पाण्याचं असतं. उरलेल्यातून कारखान्यात साधारण ४ टन साखर निघते, आणि त्या साखरेतला कार्बन सगळाच्या सगळा पानांनी हवेतून घेतलेला असतो. हवेत कार्बन डायऑक्साइड किती, तर दहा हजार भागांत जेमतेम चार भाग! इतक्या विरळ वायूतून आपल्या डोळ्यांदेखत चार टन साखर उभी राहते. मला अजूनही हे वर्गात सांगताना अंगावर काटा येतो.

पण ऐकलेलं ते ऐकलेलं. हाताने करायचं असेल तर घटाचा प्रयोग करा. नवरात्रात आपल्याकडे घटाभोवती पेरलेलं धान देवघरातल्या अंधुक उजेडात पिवळंधमक आणि लांबसडक वाढतं, दसऱ्याला टोपीत खोवतो तेच. ते पिवळं का, हे मुलांना कुणी विचारलेलंच नसतं.

दोन ताटांत ओलं सुती फडकं अंथरा. प्रत्येकात मोजून ५० ग्रॅम गहू रात्रभर भिजवून एका थरात पसरा. माती नको, कारण नंतर मुळांसकट वजन करायचंय. एक ताट गॅलरीतल्या उजेडात, दुसरं बंद कपाटात. बाकी पाणी, फडकं, गहू सगळं सारखं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम त्याला इथेच शिकवा. आठ-दहा दिवसांत तो धावत येऊन सांगेल, "अंधारातलं जास्त वाढलंय!" उंची खरंच जास्त असते. उजेड शोधत रोप बियाण्यातला साठा खर्चून नुसतं लांब होत जातं. दोन-अडीच आठवड्यांनी दोन्ही ताटांतलं सगळं, मुळं आणि गव्हाची टरफलं धरून, उन्हात कडकडीत वाळवा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. अंधारातलं उंच धान मूळ ५० ग्रॅमपेक्षा कमी भरेल आणि उजेडातलं अंधारातल्याहून जास्त. उंच झालं म्हणजे वाढलं असं नाही, हे त्याला काट्यावर दिसेल. अंधारातल्या रोपाने श्वास घेताना साठवलेलं अन्न जाळलं आणि नवं काहीच केलं नाही. झाडं रात्रंदिवस श्वास घेतात आणि अन्न मात्र उजेडातच करतात, याबद्दल गोंधळ मोठ्यांच्याही डोक्यात असतो. तो इथे आपोआप सुटतो. पावसाळी हवेत फडक्याला बुरशी धरते, म्हणून रोज पाणी बदला. आषाढातल्या झडीत हा प्रयोग करूच नका. गणपतीनंतर ऊन पडायला लागलं की बरा.

दुसरा प्रयोग आपल्या भाताचा. एका ग्लासात थोडं भात, म्हणजे साळ, आणि दुसऱ्यात हरभरे. दोन्ही पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. हरभरे काही दिवसांत कुजून वास मारतात. बियाण्यालाही हवा लागते ती अशी. भात मात्र पाण्याखालीसुद्धा कोंब वर काढतं, पण मूळ मागेच राहतं. आधी हवेपर्यंत पोचायचं, मग बाकीचं. चिखलात लावणी सोसणारं हेच पीक का, याचा थोडा उलगडा तिथे होतो.

बटाटा आणि रताळं हेही सोडू नका. कडोली, उचगाव, बेळगुंदीकडे दोन्ही पिकतात, बाजारात सहज मिळतात. बटाट्याला डोळे असतात, कारण ते जमिनीखालचं खोड आहे. रताळं म्हणजे फुगलेलं मूळ. तो स्वतः भिंग घेऊन शोधू दे. उजेडात राहून हिरवा पडलेला बटाटा दाखवा, पण खाऊ देऊ नका. त्यात विषारी सोलानिन वाढलेलं असू शकतं. शेतकरी बटाट्याला मातीची भर लावतात, त्यामागचं एक कारण हेच आहे.

पान स्पिरिटमध्ये उकळून आयोडीन टाकायचा प्रयोग घरी मुळीच नको. स्पिरिट पेटतं. आयोडीनचा थेंब कापलेल्या बटाट्यावर आणि शिजलेल्या भातावर टाकून निळा-काळा रंग पाहिला तरी पिष्ट (स्टार्च) म्हणजे काय ते कळतं.

एवढं झालं की तो एक दिवस विचारेलच, "सगळं हवेतून आणि पाण्यातून येतं, तर मग शेतकरी खत का घालतात?" हा प्रश्न आला की समजा, त्याला विषय कळला. ते हेल्माँटच्या मातीतले ५७ ग्रॅम आठवून द्या. तेवढा थोडा का होईना, मातीतून काहीतरी लागतंच: नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) आणि इतर खनिजं. नत्राचं तर हवेत भांडार आहे, पण झाडाला ते थेट घेता येत नाही.

त्यासाठी त्याला शिवारात न्या. भाताची कापणी झाली की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. पीक फुलावर असताना शेतकऱ्याला विचारून एखादं रोप ओढून न काढता खुरप्याने मातीसकट उकरा, कारण ओढलं की गाठी जमिनीतच तुटून राहतात. मुळं पाण्यात हलकेच धुवा. बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी निघते, म्हणजे आतले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला लागेल अशा रूपात आणून देताहेत. शेंगा पक्व झाल्यावर गेलात तर गाठी वाळून तपकिरी झालेल्या असतात आणि गुलाबी रंग दिसत नाही, तेव्हा फुलोऱ्यातच जा.