भाकरी-चटणी घेऊन बिअर गार्डनला गेलं तर चालतं का?

या वेळी आलेल्या पत्रांमधली तीन पत्रं जर्मनीचीच निघाली, म्हणून ती एकत्रच घेतेय.

प्रश्न: नमस्कार ताई. माझी मुलगी-जावई म्युनिकला असतात. मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच जातोय, दीड महिना राहणार. मुलगी म्हणते संध्याकाळी सगळे मिळून बिअर गार्डनला जाऊ, तिथला बाजार पण दाखवते. पण ह्यांच्या गळ्यात माळ आहे, आमच्या घरात अंडं सुद्धा येत नाही. हे म्हणाले दारूच्या ठिकाणी मी पाय ठेवणार नाही, आणि तेव्हापासून बापलेकीत जरा अबोलाच आहे. नातवंडं पण सोबत असणार. तिथं बसायचं कसं, खायचं काय, काहीच कळेना. (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: ताई, दाजींना आधी एवढंच सांगा की 'बिअर गार्डन' मधला बिअर जरा वेळ बाजूला ठेवा आणि गार्डन तेवढं धरा. मी मुलाकडं दोनदा तीन-तीन महिने राहून आलेय. पहिल्यांदा निघाले तेव्हा माझ्या पण डोळ्यासमोर आपल्याकडची परमिट रूमच होती, काळ्या काचा, आत अंधार, बायका रस्ता ओलांडून पलीकडनं जाणार. आणि तिथं बघते तर मोठमोठी झाडं, खाली बारीक खडी, लांबच लांब लाकडी बाकं, बाबागाडीतली पोरं, काठी टेकत आलेल्या आज्ज्या, एका टेबलावर पत्ते रंगलेत आणि शेजारच्या टेबलावर कुणीतरी घरनं आणलेला डबा उघडतंय. मला एकदम आपली हुरडा पार्टीच आठवली बघा, रानात झाडाखाली बसायचं, कुणाला घाई नाही, आगटीभोवती लहानथोर सगळे एकाच ओळीत.

आणि डबा ही गोष्ट तिथं चोरून करायची नाही, तो लोकांचा हक्क आहे, म्हणून तर मला ती जागा इतकी आवडली. त्यामागची गोष्ट अशी की पूर्वी फ्रीज नव्हते आणि तिथली बिअर थंडीतच आंबवावी लागायची, उन्हाळ्यात आगीच्या भीतीनं बिअर करायला बंदीच होती, म्हणून बिअरवाले मार्चपर्यंत माल तयार करून जमिनीखालच्या तळघरांत साठवायचे. तळघर गार राहावं म्हणून वरती चेस्टनटची झाडं लावली, पानं रुंद, सावली दाट, मुळं फार खोल जात नाहीत, आणि खाली खडी पसरली. मग लोक तिथंच सावलीला बसून प्यायला लागले. गावातले खानावळवाले चिडले, आमचं गिऱ्हाईक पळवलं म्हणाले. तेव्हा बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिक ज्या प्रांतात येतं तिथल्या, पहिल्या मॅक्स योसेफ राजानं 4 जानेवारी 1812 ला हुकूम काढला की बिअरवाल्यांनी तिथं बिअर विकावी पण खायला ब्रेडशिवाय काही देऊ नये. मग लोक घरनं जेवण बांधून न्यायला लागले आणि ती रीत दोनशे वर्षांवर टिकली. आज तिथं जेवण विकत मिळतंच, तरी 1999 च्या बव्हेरियातल्या नियमात बिअर गार्डनची ओळख म्हणून दोन गोष्टी धरल्यात, झाडांखालची मोकळी जागा आणि स्वतःचं खाणं आणायची मुभा. 1995 मध्ये एका बिअर गार्डनला रात्री लवकर बंद करायला लावलं तेव्हा म्युनिकमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले होते, एवढा जीव आहे त्यांचा त्याच्यावर.

म्हणून माझा सल्ला एकच, कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन जा. खरंच सांगतेय. सोलापुरातनं निघताना ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चवड आणि चटणी चेक-इनच्या बॅगेत टाका, दोन्ही टिकतात आणि दोन्हीत दूध-मांस काही नाही. हे महत्त्वाचं आहे कारण युरोपात बाहेरच्या देशातनं दुधाचं आणि मांसाचं काहीही न्यायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर सगळं घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्या पण रोपांच्या तपासणीच्या कागदाशिवाय चालत नाहीत, लेकीसाठी हापूसची पेटी, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या असला मोह आवरा. आईच्या हातचं म्हणून सगळंच न्यावंसं वाटतं हे मला कळतं पण विमानतळावर ते कचऱ्यात टाकताना बघवत नाही.

बसताना बघायचं एकच. ज्या टेबलावर कापड अंथरलंय तिथं वेटर येणार, तिथं डबा उघडायचा नाही. उघड्या लाकडी टेबलावर खुशाल उघडा. प्यायचं मात्र तिथलंच घ्यायचं, बाहेरची बाटली आणायची नाही. पितळेची पाटी किंवा 'श्टामटिश' असं काही दिसलं तर ते टेबल रोजच्या मंडळींचं, तिथं बसू नका. टेबल अर्धं रिकामं असेल तर 'इस्ट हिअर नॉख फ्राय?' विचारायचं, म्हणजे इथं जागा आहे का, आणि अनोळखी माणसांशेजारी बसायचं, तिथं तसंच असतं. दाजींसाठी आप्फेलशोर्ले, सफरचंदाचा रस आणि सोडा, किंवा साधं लिंबू सरबतासारखं लिमोनाडं. फक्त एक लक्षात ठेवा, 'अल्कोहोलफ्राय' लिहिलेल्या बिअरमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं, माळकरी माणसानं तिच्या वाटेला न गेलेलं बरं. काही ठिकाणी ग्लासाचं डिपॉझिट घेतात, ग्लास परत केला की पैसे परत.

खाण्यात माझी एकदा फार मोठी चूक झाली ती तुमची होऊ नये. बटाट्याची कोशिंबीर दिसली, बटाटाच तर आहे म्हणून घेतली, दोन चमचे खाल्ले आणि सुनेनं विचारल्यावर कळलं की ती मांसाच्या पाण्यात मुरवलेली होती. दिवसभर मला अन्न गेलं नाही. तिथं बव्हेरियात ही कोशिंबीर बऱ्याचदा अशीच करतात. त्यांच्या आंबट कोबीत पण डुकराचे तुकडे असतात. 'श्पेक' आणि 'श्माल्त्स' हे दोन शब्द पाठ करा, पहिलं डुकराचं मांस आणि दुसरी बहुतेक वेळा त्याचीच चरबी. ब्रेझन, म्हणजे तो गाठीसारखा वळलेला खारा ब्रेड, साधारणपणे चालतो, तरी विचारून घ्या. रायबरदाची म्हणजे किसलेल्या बटाट्याचं थालीपीठ, सोबत सफरचंदाची गोड चटणी, पण त्यात बहुतेक अंडं असतं. चीज घातलेल्या श्पेत्सलेच्या शेवया शाकाहारी म्हणून मिळतात, त्यात पण अंडं. चीजमध्ये सुद्धा वासराच्या जठरातलं विरजण असू शकतं, पाकिटावर 'मिक्रोबिएलेस लाब' लिहिलेलं घ्यायचं. एवढं बघता डबाच बरा की नाही!

मात्र मुळा नक्की घ्या. तिथं त्याला राडी म्हणतात, पांढरा जाड मुळा एका सुरीनं स्प्रिंगसारखा कापतात, अखंड, तुटत नाही, मग मीठ भुरभुरून जरा ठेवतात की त्याला पाणी सुटतं आणि तिखटपणा उतरतो. आमच्या टेबलावर एक म्हातारे जोडपं असंच मुळा सोडवत बसलं होतं, मी भाकरी मोडली, तो कडाक् आवाज ऐकून आजी वळल्या. मी एक तुकडा, वर थोडी चटणी असं पुढं केलं. त्यांनी खाल्लं, डोळ्यात पाणी आलं, आणि आजोबांनी न बोलता अर्धा मुळा उचलून आमच्या ताटलीत ठेवला. मला जर्मन येत नाही, त्यांना मराठी येत नाही, पण मुळा-भाकरी-चटणी ही काय सांगायची गोष्ट आहे का? आमचं सगळं बोलणं त्यातच झालं.

नातवंडं आहेत तर हिर्शगार्टनला जा, आठ हजार माणसं बसतील एवढं मोठं आहे आणि शेजारी कुंपणात हरणं आहेत, मुलं तिथनं हलत नाहीत. मे-जूनमध्ये नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, जेवण उरकून उजेडातच घरी याल. बाजार म्हणाल तर व्हिक्टुआलियनमार्क्ट, मारिएनप्लाट्झ या मुख्य चौकापासून पाच मिनिटं चालत, 1807 पासून तिथं आहे, आणि त्याच्या मधोमध पण चेस्टनटखाली एक बिअर गार्डन आहे. तुम्ही जाल तेव्हा पांढऱ्या शतावरीचा मोसम असेल, 24 जूनला संपतो, जुड्या बांधून नीट मांडलेल्या असतात. पण आपल्या लक्ष्मी मार्केटसारखं टोमॅटो दाबून, भेंडीचं शेंडकं मोडून बघायचं नाही, ते त्यांना अजिबात आवडत नाही, काय पाहिजे ते बोटानं दाखवायचं, दुकानदारच देतो. घरी दही-ताकाला पुरेल असं दही स्टेशनजवळच्या गोएथेश्ट्रासच्या तुर्की दुकानांत मिळतं, आणि 'क्वार्क' किंवा 'टोप्फेन' म्हणून जे मिळतं ते आपल्या चक्क्याच्या फार जवळचं, जावयाला श्रीखंड करून घाला. त्याचं पण विरजण तेवढं बघून घ्या. रविवारी हा बाजार आणि दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरायचं.

प्रश्न: आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जातोय. चार दिवस दिवसभर उभं राहून संध्याकाळी हॉटेलात एकटं बसायचं नाही म्हणून विचारतो, तिथं बिअर गार्डन बघायला मिळेल का? मटण-चिकन चालतं, पण गाय आणि डुक्कर नको. (एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर: दादा, जानेवारीत उघड्यावरची बिअर गार्डन बहुतेक बंदच असतात आणि नाताळाचे बाजार पण उठलेले असतात, त्यामुळं त्याची आशा ठेवू नका. त्यापेक्षा एक दुपार काढून क्लाइनमार्क्टहाले बघा, गावाच्या मधोमध छत असलेली जुनी मंडई आहे, इमारत 1954 ची, आत भाजी, फुलं, इटालियन चीज, ऑलिव्ह, मसाले, जगभरचा माल, आणि वरच्या मजल्यावर वाइन घेऊन गप्पा मारणारी मंडळी. गर्दी, आवाज, वास, सगळं आपल्या मंडईसारखं, फक्त पायाखाली चिखल नाही. रविवारी बंद.

तिथं सॉसेजसाठी रांग दिसेल पण रांग बघून उभं राहू नका. फ्रँकफर्टला गाईच्या मांसाचं सॉसेज प्रसिद्ध आहे आणि बाकीची बहुतेक डुकराची. 'रिंड' म्हणजे गाय-बैल, 'श्वाइन' म्हणजे डुक्कर, 'हेनशेन' किंवा 'हून' म्हणजे कोंबडी, 'लाम' म्हणजे कोकरू. 'हेनशेन'चं सॉसेज म्हटलं तरी आत चरबी कशाची हे विचाराच, मिसळ असते. अंडं चालत असेल तर ग्रूने सोसे खा, सात प्रकारच्या हिरव्या पाल्याची गार चटणी, त्यात आपल्या चुक्याच्या जातीचा एक आंबट पाला पण असतो, वर उकडलेली अंडी आणि बटाटे, पोटाला हलकं. आणि संध्याकाळी नदीपलीकडं साक्सेनहाउझेनला जा. तिथं बिअरपेक्षा सफरचंदाची वाइन चालते, निळी नक्षी असलेल्या राखाडी मातीच्या सुरईतनं ओततात. चव आंबट, पहिला घोट नको वाटतो. लांब बाकावर शेजारी कोण येऊन बसेल सांगता येत नाही, म्हणून दोन नमुन्याचे नॅपकिन खिशात असू द्या. सोलापूरचा टेरी टॉवेल हातात घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही, आणि हॉलमधल्या फ्लेक्सपेक्षा टेबलावरचा टॉवेल लोकांच्या जास्त लक्षात राहतो असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: मी 22 वर्षांचा आहे, एमएससाठी जर्मनीला चाललोय. मी पीत नाही. मित्र म्हणतात तिथं बिअर घेतली नाही तर ग्रुपमध्ये कुणी घेत नाही. खरं आहे का? (विजापूर रोड)

उत्तर: अजिबात नाही रे बाळा. तिथं 16 वर्षांपासून बिअर कायद्यानंच चालते, त्यामुळं पिण्यात काही मोठेपणा नाही आणि न पिण्यात काही कमीपणा पण नाही. श्पेत्सी माग, कोला आणि संत्र्याचं मिश्रण, अर्ध्या टेबलाच्या हातात तेच असतं. 'प्रोस्ट', म्हणजे आपलं 'चीअर्स', म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यात बघायचं, तुझ्या ग्लासात काय आहे ते कुणी बघत नाही. पुढं कधी घ्यावीशी वाटली तर तो तुझा निर्णय, पण 'मास' हा बिअरचा मोठा ग्लास म्हणजे एक अख्खा लिटर हे लक्षात ठेव, आणि पिऊन सायकल चालवणं हा पण तिथं गुन्हा ठरतो, पोरांना हे माहीत नसतं. रिकाम्या बाटल्या फेकू नकोस, बिअरच्या काचेच्या साध्या बाटलीला 8 सेंट आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला किंवा कॅनला 25 सेंट परत मिळतात, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकायच्या, चिठ्ठी येते, तेवढ्यात ब्रेड सुटतो. आणि बॅगेत चटणीचं पाकीट एकाऐवजी तीन टाक, पहिलं तर रूममेटच संपवतील.