अळी काळी पडली म्हणजे सडली का?

प्रश्न : पतंगाच्या अळीला बॅक्टेरिया टोचले की ती काळी पडते असं एका व्हिडिओत पाहिलं. ते सडल्यामुळे होतं का? आणि किड्यांना अँटिबॉडी नसतात म्हणतात, मग ते लढतात तरी कशाच्या जोरावर?

उत्तर : सडणं नाही हो, उलट लढाई चालू असल्याची ती खूण. पतंगाच्या रक्तात (ते लाल नसतं, आणि शिरांतून न वाहता अंगभर मोकळं खेळत असतं) फिनॉलऑक्सिडेज नावाचं एन्झाइम निष्क्रिय पडून असतं. बॅक्टेरियाच्या भिंतीतलं पेप्टिडोग्लायकन ओळखणारी प्रोटीन्स त्या भिंतीला चिकटली की एकामागून एक एन्झाइम जागी होत जातात, शेवटी हेही जागं होतं आणि मेलॅनिन बनतं, तोच काळा रंग. वाटेत जी क्विनोन्स तयार होतात ती बॅक्टेरियाला विषारी, पण अळीच्या स्वतःच्या पेशींनाही, म्हणून या सगळ्याला लगाम घालणारी प्रोटीन्सपण असतात. चार काळे ठिपके असले तर अळी तगू शकते, पण डोक्यापासून शेपटीपर्यंत काळी झाली तर बहुतेक वेळा कारभार आटोपलेलाच असतो.

रक्तपेशी तर त्याआधीच कामाला लागतात. एकटादुकटा बॅक्टेरिया सरळ गिळतात, घोळका असला तर त्याला चहूबाजूंनी चिकटून गाठ करतात आणि मग ती गाठ काळी पडते.

अँटिबॉडी मात्र खरंच नसतात. त्याऐवजी फॅट बॉडी नावाचा अवयव (आपल्या लिव्हरची बरीचशी कामं किड्यांत हाच करतो) बॅक्टेरिया मारणारी छोटी छोटी पेप्टाइड्स (प्रोटीनसारख्याच, पण आखूड साखळ्या) बनवून रक्तात सोडतो. ही सापडली कशी तेच भारी आहे. स्वीडनमधल्या हान्स बोमन यांच्या टीमने सेक्रोपिया पतंगाचे सुप्तावस्थेतले कोष घेतले, का तर त्या काळात आतला जीव नवीन प्रोटीन जवळपास बनवतच नाही, म्हणजे बॅक्टेरिया टोचल्यावर जे काही नवीन दिसेल ते इन्फेक्शनमुळेच, काय डोकं चालवलंय बघा! त्यातूनच सेक्रोपिन हाती लागलं, १९८१ मध्ये त्यावरचा पेपर आला. जेमतेम ३५ ते ३९ अमिनो आम्लांची ही साखळी बॅक्टेरियाचं बाहेरचं आवरणच फोडते.

आणि हो, थोडा डोस पचवलेली अळी पुढचे काही दिवस जास्त कणखर राहते, पण गोवर एकदा होऊन गेला की पुन्हा सहसा होत नाही तशी पक्की आठवण तिच्याकडे नसते.