‘दुदांडी शिवराई’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आला आहे : देवघरातील जुन्या डबीत तांब्याचे एक जाड, ओबडधोबड नाणे सापडले आणि एका संग्राहकाने ते ‘दुदांडी शिवराई’ असल्याचे सांगितले. दुदांडी हे टांकसाळीच्या गावाचे नाव आहे का? आणि शिवराई म्हटल्यावर ते नाणे शिवाजी महाराजांच्याच काळातले समजावे का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. त्यांपैकी दुसरा नकार पुष्कळांना रुचत नाही, म्हणून त्याच्यापासूनच आरंभ करतो.

शिवराई हा शब्द मुळात विशेषण आहे. ‘शिवराय’ या नामाला ‘ई’ प्रत्यय लागून तो तयार झाला आणि ‘शिवरायाचा, शिवरायाच्या नावाचा’ हा त्याचा अर्थ. घडण नवी नाही, आणि ती महाराजांच्या दरबारात कोणाला अकस्मात सुचली असेही नाही. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला जी बखर लिहिली, तीत महाराजांच्या खजिन्यातील होनांची, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची, याद आहे. त्या यादीत शिवराई होनाच्या सोबतीला अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई अशी नावे येतात. अच्युतराय आणि देवराय हे विजयनगरचे राजे. त्यांची सोन्याची नाणी दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या खेळती होती आणि लोक ती राजाच्या नावावरून ओळखत असत. ‘होन’ हा शब्दसुद्धा सोने या अर्थाच्या कानडी ‘होन्नु’वरून आपल्याकडे आलेला आहे. तेव्हा शिवराई हे नाव दक्षिणेतील एका जुन्या, मातब्बर ओळीत जाऊन बसते, आणि हा त्या शब्दाचा खरा मान आहे असे मला वाटते. (आज ‘देवराई’ म्हटले की देवाच्या नावाने राखलेले रान डोळ्यांसमोर येते, त्या शब्दातील ‘राई’ म्हणजे दाट झाडी. होनाच्या नावाशी तिचे केवळ अक्षरांपुरते साम्य आहे.)

होन सोन्याचा, दुर्मीळ आणि थोरामोठ्यांच्या व्यवहारातला. सामान्य रयतेच्या हाती आली ती तांब्याची शिवराई. तिच्या एका बाजूस ‘श्री / राजा / शिव’ अशा तीन ओळी आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र / पति’ अशा दोन ओळी, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. आरंभीच्या नाण्यांचे वजन साधारणपणे ११ ते १३ ग्रॅम भरते. पुढे संभाजी, राजाराम, शाहू या छत्रपतींच्या नावांची तांब्याची नाणीही निघाली, परंतु पेशवाईत टांकसाळींनी पुन्हा ‘राजा शिव’ हाच मजकूर धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. त्याचे कारण व्यवहारात आहे. तांब्याचे नाणे बाजारात चालायचे असेल, तर ते लोकांच्या ओळखीचे असावे लागते. टांकसाळी बहुधा सरकारी कौल, म्हणजे परवाना, घेऊन खाजगी माणसे चालवीत आणि चालत्या नाण्याचा छाप बदलून स्वतःचे नाणे अडवून घेण्याची हौस त्यांना असण्याचे कारण नव्हते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तरी शिवराई थांबली नाही. कंपनी सरकारच्या अमलातही ती काही वर्षे पाडली गेली, आणि १८३५ मध्ये सर्व मुलुखासाठी एकसारखे नाणे करण्याचा कायदा झाल्यानंतरही खेड्यापाड्यांच्या बाजारांत ती पैसा म्हणून चालत राहिली. म्हणजे ज्या नाण्यावर ‘राजा शिव’ आहे, ते महाराजांच्या राज्याभिषेकानंतर दीडशे वर्षांनीही पाडलेले असू शकते.

या दीर्घ प्रवासात शब्दाचे व्याकरणही बदलले. ‘शिवराई होन’, ‘शिवराई पैसा’ यांत शिवराई हे विशेषण आहे आणि विशेष्य पुल्लिंगी आहे. पुढे विशेष्य गळाले आणि ‘ती शिवराई’ असे स्त्रीलिंगी नाम उरले. पैसा पुल्लिंगी असताना शिवराई स्त्रीलिंगी का झाली, असे कोणी विचारील. मला दिसते ते असे की चवली, पावली, अधेली, दमडी ही छोट्या मोलाच्या नाण्यांची ईकारान्त नावे सगळी स्त्रीलिंगी होती आणि शिवराई त्यांच्या पंक्तीत सहज मिसळून गेली. ढब्बू पैसा, म्हणजे दोन पैशांचे जाडजूड नाणे, मात्र पुरुषच राहिला. एकदा नाम झाल्यावर शिवराई हा शब्द राजाच्या काळाकडे बोट दाखवीनासा झाला; तो एका मूल्याच्या नाण्याचे नाव झाला. म्हणून ‘शिवराई आहे, त्याअर्थी शिवकालीन आहे’ हे अनुमान भाषेच्या अंगानेही टिकत नाही. विक्रेते ते सर्रास करतात, हा भाग वेगळा.

आता दुदांडी. ‘दु’ म्हणजे दोन आणि ‘दांडी’ म्हणजे आडवी काठी किंवा पट्टी. दुमजली, दुपदरी, दुनळी, दुतोंडी या शब्दांसारखीच ही घडण. दांडी हा शब्द येथे अगदी योग्य आहे, कारण मराठीत दांडी प्रायः आडवी असते, मग ती धुणे वाळत घालण्याची असो वा तराजूची. या प्रकारच्या शिवराईवर मजकुराच्या ओळींच्या मधून दोन समांतर आडव्या रेघा जातात, आणि त्या रेघा म्हणजेच दोन दांड्या. काही जण ‘दुदंडी’ असे लिहून त्याचा संबंध राजदंडाशी जोडू पाहतात. त्याला आधार नाही आणि गरजही नाही.

नाणे हातात घेऊन तिरप्या उजेडात धरले, म्हणजे हे नाव रेघांवरून का पडले ते कळते. ही नाणी हाताने, हातोड्याच्या ठोक्याने पाडलेली. साचा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे छापाचा एखादा भागच नाण्यावर उतरे. कोठे ‘श्री’चा खालचा अर्धा भाग आणि ‘राजा’, कोठे नुसता ‘छत्र’मधला ‘त्र’. अक्षरे अशी तुटलेली, त्यात घासलेली. रेघांची जोडी मात्र नाण्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली असल्याने, चकती कशीही सरकली तरी तिचा काही ना काही भाग शिल्लक राहतो. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ती दिसते, अंगठ्याला लागते. बाजाराने ओळखीची खूण म्हणून तीच उचलली. अशी शिवराई उत्तरकालीन, म्हणजे पेशवाईच्या अखेरची किंवा त्यानंतरच्या दोन दशकांतली समजतात, आणि जुन्या शिवराईपेक्षा ती सहसा वजनाला हलकी असते.

नाण्यांना अशी नावे देण्याच्या रीती मराठीत ठरलेल्या दिसतात. गावावरून चांदवडी, सुरती, धारवाडी. राज्यकर्त्यावरून शिवराई, बडोद्याची बाबाशाही. आणि अंगावरच्या खुणेवरून अंकुशी रुपया, ज्यावर अंकुशाचे चिन्ह असे. पुतळीसुद्धा याच शेवटच्या जातीची : व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर माणसांच्या आकृती असत, म्हणून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटले आणि त्याच्या माळा करून गळ्यात घातल्या. दुदांडी हे नाव खुणेवरचे. ‘दुदांडी शिवराई’ या जोडनावात मात्र दोन रीती एकत्र आल्या आहेत.

प्रश्नकर्त्यांना एक विनंती. नाण्यावरील अक्षरे ‘सिव’, ‘शीव’, ‘पती’ अशी दिसली, तर ते बनावट आहे असे लगेच मानू नये. ही सगळी रूपे अस्सल नाण्यांवर आढळतात. साचे कोरणारा कारागीर आपल्या कानाला मानून किंवा समोरचे नाणे पाहून अक्षरे काढत होता, आणि आपले ऱ्हस्वदीर्घाचे नियम त्याला लागू नव्हते. आणि देवघरातील ताम्हणाप्रमाणे या नाण्याला चिंच-मीठ लावून कृपया उजळवू नये. तांब्यावर चढलेला काळसर थर गेला की अक्षरांची उरलीसुरली कडही जाते.

राहिला लेखनाचा प्रश्न. ‘दुदांडी शिवराई’ हे दोन शब्द सुटे लिहावेत. शिवराईचे अनेकवचन ‘लढाई–लढाया’ याप्रमाणे ‘शिवराया’ असे होते, आणि तेथे एक गंमतीदार अडचण उभी राहते : ‘शिवरायांची किंमत’, ‘शिवरायांचे वजन’ अशी सामान्यरूपे झाली की ती नाण्यांविषयी आहेत की महाराजांविषयी, हे वाक्यावरून कळेनासे होते. संग्रहाची यादी करताना म्हणून ‘शिवराई नाण्यांचे वजन’ असे लिहावे. तेथे शिवराई पुन्हा आपल्या मूळच्या विशेषणाच्या रूपात येते आणि घोटाळा होत नाही.