व्हाळातल्या कुर्लीच्या पोटाखाली जिवंत पिल्लं कशी काय असतात?

तुम्ही लिहिलंय की कुडाळजवळच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, रात्री बॅटरी घेऊन कुर्ल्या (खेकडे) पकडल्या, त्यातल्या एकीच्या पोटाखाली वळवळणारे बारीक जीव निघाले आणि ती अजून बादलीत आहे. ते किडे आहेत का, आणि खाडीच्या कुर्लीत असं कधी का दिसत नाही, हे तुमचे दोन प्रश्न.

किडे अजिबात नाहीत. तिचीच पिल्लं आहेत ती. बादलीत एखादं सुटं पडलं असेल तर तळहातावर घेऊन बघा. काही मिलिमीटरचा जीव, पण दोन डेंगे, आठ पाय, डोळे, सगळं जागच्या जागी.

कुर्ली उलटी केली की पोटावर दुमडलेली झडप दिसते. मादीची रुंद आणि गोलसर, नराची अरुंद आणि टोकाकडे निमुळती. लहानपणी आम्ही नर-मादी एवढ्यावरूनच ओळखायचो, पण खरी गंमत झडपेच्या आत आहे. मादीला आत केसाळ उपांगांच्या चार जोड्या असतात. अंडी त्या केसांना चिकटतात आणि फुटल्यावर पिल्लंही काही दिवस तिथेच धरून राहतात. नराला मात्र दोनच जोड्या, त्याही कडक काड्यांसारख्या. पहिली काडी आतून पोकळ असते. दुसरी बारीक काडी तिच्यात सरकते आणि इंजेक्शनच्या दट्ट्यासारखी शुक्राणूंच्या पुड्या पुढे ढकलते. मादीच्या छातीच्या कवचावर, झडपेखाली, दोन छिद्रं असतात. ती आतल्या पिशव्यांत उघडतात. शुक्राणू तिथे साठून राहतात, अंडी आतच फळतात आणि मग बाहेर येऊन झडपेखाली चिकटतात.

नराच्या त्या पहिल्या काडीचं टोक प्रत्येक जातीत वेगळं असतं. कवचाचा रंग बघून फसगत होते, म्हणून संशोधक जात ठरवताना आधी ही काडी भिंगाखाली घेतात. मला तरी हे फार विलक्षण वाटतं.

आता खाडीच्या कुर्लीचं. तिची मादी एका वेळी वीस-वीस लाख अंडी घालते, कधी त्याहूनही जास्त. एकेक अंडं मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. अंडी घेऊन ती खाडी सोडून उघड्या समुद्रात जाते, म्हणून त्या अवस्थेत ती बाजारात क्वचितच येते. (भरलेल्या कुर्लीत कवचाच्या आत जे केशरी मिळतं ते तिचं अंडाशय, घातलेली अंडी बाहेर, झडपेखाली असतात.) अंड्यातून निघणारा जीव कुर्लीसारखा दिसतच नाही. झोइया नावाच्या पाच अवस्था, मग मेगालोपा, आणि त्यानंतर कुठे कुर्ली. तोपर्यंत बहुतेक सगळे कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातात.

व्हाळातली कुर्ली हा सगळा प्रवास अंड्यातच उरकते. तिची अंडी थोडी, काही डझन ते काही शे, पण एकेक दोन-तीन मिलिमीटरचं आणि बलकाने भरलेलं. आपल्याकडे याचा फायदा लगेच कळतो. कोकणपट्टी रुंदीला जेमतेम ३० ते ६० किलोमीटर. जुलैच्या लोंढ्यात तरंगणारं पिल्लू बघता बघता खाऱ्या पाण्यात पोचेल.

पण ही युक्ती कोकणच्या पावसामुळे जन्माला आली, असं समजू नका. जगात गोड्या पाण्यातल्या खऱ्या खेकड्यांच्या १,३०० हून जास्त जाती आहेत, पाच कुळांत वाटलेल्या, आणि सगळ्यांची पिल्लं थेट कुर्ली होऊनच बाहेर येतात. त्यातलं दक्षिण अमेरिकेतलं एक कुळ तर वेगळ्याच वंशातून आलंय, म्हणजे उत्क्रांतीत हे एकाहून जास्त वेळा घडलं. उलट गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी अजून समुद्रापासून सुटलेली नाही. मोठी होते नदीत, पण पिल्लांसाठी मादीला खाडीच्या मचूळ पाण्याकडे उतरावं लागतं. मध्ये बंधारा आला की तिचं गणितच बिघडतं.

सुटकेची किंमतही आहे. पिल्लं वाहून दूर जात नाहीत, त्यामुळे एका डोंगरावरचे खेकडे पलीकडच्या डोंगरावर सहसा पोचत नाहीत आणि वेगळे पडत पडत नव्या जाती होतात. २०१६ साली सह्याद्रीतून पाच नव्या जाती एकदम नोंदवल्या गेल्या. त्यात आंबोली भागातल्या आहेत, रत्नागिरी जिल्ह्यातल्या रघुवीर घाटातलीही आहे. अशा ठिकाणी एक व्हाळ रिकामा झाला तर समुद्रातून नवी पिल्लं येऊन तो भरत नाही. म्हणून पिल्लांची मादी रश्श्यात घालणं मला मुळीच पटत नाही. नर पकडा, मोठे पकडा, पण तिला सोडा.

बादलीतली अजून जिवंत असेल तर आजच रात्री नेऊन सोडा, जिथून आणली त्याच व्हाळात, दगडांच्या आडोशाला, संथ पाण्यात. झडप बोटाने उघडून बघत बसू नका, पिल्लं सुटतात. बादलीच्या तळाशी काही पडली असतील तर पाणी फेकून न देता तिच्याजवळच हळू ओता.