सरकारी शाळा फुकट असताना घरच्या उत्पन्नाने मुलीच्या प्राथमिक शिक्षणाला काय फरक पडतो?

तुम्ही विचारलं की फी नाही, पुस्तकं-गणवेश फुकट, दुपारी खिचडी मिळते, मग उत्पन्नाचा संबंध काय. संबंध आहे आणि खूप आहे, फक्त तो फीमध्ये शोधला तर सापडत नाही.

मी नागपूरची, भिवापूरकडच्या एका गावात बरीच वर्षं प्राथमिकला शिकवलं. तो सगळा मिरचीचा पट्टा. सीझनमध्ये बाया देठ खुडायला जातात, पैसे किलोवर, म्हणजे जितके हात जास्त तितकी मजुरी जास्त. माझ्या चौथीतली एक पोरगी सोमवारी पेन्सिलच धरायची नाही, आधी मला वाटलं अभ्यास टाळून राहिली, मग तिचे हात पाहिले तर बोटांची टोकं लालभडक, नखांच्या कडेने सोललेली, आई रात्री खोबरेल तेल लावून द्यायची तरी आग जायची नाही म्हणे. आईबरोबर देठ खुडायला जाणं रविवारपुरतं होतं तोवर निदान शाळेत तरी येत होती. मग बापाचं काम सुटलं आणि मंगळवार-बुधवारही ती दिसेना, भाऊ मात्र रोज हजर.

म्हणून मला वाटते कमी पैशापेक्षाही पैशाचा भरवसा नसणं जास्त घातक. रोजी बुडाली की आई जास्तीचं काम धरते, मग दीड वर्षाचं लेकरू कोण सांभाळणार? अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढचीच लेकरं बसतात, तीही काही तासच. मग नऊ वर्षांची बहीण घरी राहते. एक पोरगी तर लहान भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या खिडकीशी उभी राहून फळ्यावरचं वाचायची, मी शेवटी दोघांनाही आत बसवलं.

कागदावर यातलं काहीच दिसत नाही बरं का. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) 2010 पासून लागू झाला, त्यात आठवीपर्यंत नापास करायचं नव्हतं (आता पाचवी-आठवीच्या परीक्षेचे नियम बदललेत), त्यामुळे नाव पटावर राहते, पोरगी वर सरकते, रेकॉर्डला प्राथमिक शिक्षण पूर्ण आणि तिला धड परिच्छेद वाचता येत नाही.

आपल्याकडे 1992 पासून दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्त मुलींसाठी पहिली ते चौथी उपस्थिती भत्ता आहे, दिवसाला 1 रुपया, वर्षाचे फार तर 220, आणि अट 75 टक्के हजेरीची. म्हणजे जिला घरच्या अडचणीने खाडे करावे लागतात तिचाच भत्ता जातो! याचा मला आजही राग येतो.

पुढचा अडसर पाचवीचा. कित्येक गावात शाळा चौथीपर्यंतच, पुढे दुसऱ्या गावी जावं लागते. मुलींना पाचवीपासून एसटी बसचा पास फुकट आहे आणि त्याने खरंच पुष्कळ मुली शिकल्या, पण बस चुकली तर ऑटोचे पैसे लागतात आणि ते पैसे घरात त्या दिवशी असले तरच ती जाते.

तुम्ही सर्व्हे वगैरे करत असाल तर महिन्याचं उत्पन्न विचारून थांबू नका, मागच्या आठवड्यात किती दिवस काम मिळालं ते विचारा, आणि घरातलं सगळ्यात लहान लेकरू दिवसभर कोणाजवळ असते तेही.