वाचकांचे प्रश्न : मेंब्रेनमधलं पाणी गोठतं किती?

प्रश्न : भिजवलेल्या पॉलिमर मेंब्रेनचा (पातळ पडद्याचा) तुकडा डीएससीमध्ये (नमुना थंड-गरम होताना किती उष्णता सोडतो किंवा शोषतो ते मोजणाऱ्या उपकरणात) उणे ६० अंशांपर्यंत थंड करून पुन्हा तापवला. आलेखात बर्फ वितळल्याचं शिखर दिसलं, पण त्यावरून हिशोब केला तर निम्मंच पाणी भरतं. बाकीचं गेलं कुठे?

उत्तर : बहुधा ते आतच आहे, फक्त गोठलेलं नाही. पॉलिमरच्या पाणी धरून ठेवणाऱ्या सल्फोनेट किंवा हायड्रॉक्सिल गटांना लगटून बसलेल्या रेणूंना बर्फाची जाळी रचायला मोकळीकच मिळत नाही. अरुंद पोकळ्यांमधलं पाणी गोठतं, पण शून्याच्या खालीच वितळतं. पोकळी जितकी लहान, तितका द्रवणांक खाली.

तरी आधी गळतीची शंका फेडून घ्या. हवाबंद पॅन (नमुन्याची छोटी डबी) प्रयोगाआधी आणि नंतर तोला. वजन घटलं असेल तर ते आकडे सोडून द्या. घटलं नसेल तर झाकणाला बारीक भोक पाडून, वजन स्थिर होईपर्यंत नमुना वाळवा. समजा ओला नमुना ९ मिलिग्रॅम, कोरडा ६. म्हणजे पाणी ३ मिलिग्रॅम. शिखराखालची उष्णता ५०१ मिलिज्यूल भरली, तर तिला ३३४ ने (एक ग्रॅम बर्फ वितळायला लागणाऱ्या ज्यूलनी) भागून गोठलेलं पाणी दीड मिलिग्रॅम येतं. न गोठलेलंही दीड, म्हणजे कोरड्या पॉलिमरच्या ग्रॅममागे ०.२५ ग्रॅम.

खरी गोम त्या ३३४ मध्ये आहे. तो आकडा शून्य अंशाचा. तापमान उतरतं तसा बर्फाचा अप्रकट उष्मा घटतो; उणे २० च्या आसपास तो ग्रॅममागे २९० ज्यूलच्या घरात असतो. सगळं शिखर तिथेच असेल, तर वरचे ०.२५ उतरून ०.२१ वर येतात. रुंद शिखर असेल तर त्याचे तापमानानुसार भाग पाडा आणि प्रत्येकाला त्याचा आकडा लावा. ‘न गोठणारं पाणी’ अवाच्या सवा दिसतं ते बऱ्याचदा याच पायी.

प्रश्न : थंड करताना शिखर उणे १८ ला येतं, तापवताना शून्याजवळ. खरं कोणतं?

उत्तर : पाण्याचे प्रकार (मोकळं, अरुंद पोकळ्यांतलं, न गोठणारं) ठरवायला तापवतानाचं. थंड करताना बर्फाचं बीज पडेपर्यंत पाणी अतिशीत अवस्थेत, म्हणजे शून्याखालीही द्रवच, राहतं, त्यामुळे ते शिखर दर खेपेला थोडं सरकतं. तापवण्याचा वेग मिनिटाला २ ते ५ अंश ठेवा.

प्रश्न : त्याच मेंब्रेनच्या दोन तुकड्यांत शून्याजवळचं टोकदार शिखर लहानमोठं का होतं?

उत्तर : पृष्ठभागावरचं पाणी. दोन्ही बाजू गाळणकागदाने दर वेळी सारखाच वेळ टिपा आणि लगेच पॅन बंद करा. फार दाबू मात्र नका, आतलंही पाणी निघतं.