वॉरंट असूनही सुदानचा तेव्हाचा अध्यक्ष ओमर अल-बशीर याला दहा वर्षांत कुणी अटक का केली नाही?

कारण हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. आरोपीला पकडून देणं सदस्य देशांच्या हातात असतं, आणि त्यांनी ते केलं नाही. सुदान सदस्य नसल्याने तिथल्या दारफुर प्रांतातल्या अत्याचारांचं प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मार्च २००५ मध्ये ठराव १५९३ करून न्यायालयाकडे सोपवलं. २००९ आणि २०१० मध्ये वॉरंट निघाले, दुसऱ्यात वंशसंहाराचाही आरोप होता. पण सहकार्य करू नका, असं आफ्रिकन युनियनने २००९ मध्येच सदस्यांना सांगून टाकलं.

सगळ्यात संतापजनक प्रकार जून २०१५ चा. बशीर आफ्रिकन युनियनच्या परिषदेसाठी जोहान्सबर्गला आला. त्याला देशाबाहेर जाऊ देऊ नका, असा प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश होता. तरीही सुनावणी चालू असतानाच वॉटरक्लूफच्या लष्करी तळावरून त्याचं विमान उडालं. हे बेकायदा होतं, असं दक्षिण आफ्रिकेच्याच अपील न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये तो दिल्लीलाही येऊन गेला. भारत सदस्य नसल्याने आपल्यावर तसं बंधन नव्हतं.

एक मात्र खरं, न्यायालय अगदीच हतबल नाही. दारफुरमधल्या जंजावीद या सरकारधार्जिण्या सशस्त्र टोळ्यांचा म्होरक्या अली कुशायब २०२० मध्ये शरण आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दोषी ठरला. बशीर २०१९ मध्ये सत्तेवरून गेला, पण सुदानने त्याला अजून हेगला पाठवलेलं नाही.